टम्म टायर आणि म्हातारी सांडणी

वाळवंटात पहिली जीप आली, त्या काळची ही गोष्ट. तिचे टम्म फुगलेले टायर पहिल्याच टेकडीवर वाळूत रुतले. जीपने जोर लावला, तसे ते आणखीच खोल गेले.

उंटांच्या तांड्यातली म्हातारी सांडणी थांबली. "बाबांनो, थोडी हवा सोडा. माझे तळवे बघा, कसे पसरट आहेत! आणि जीपबाई, तुम्ही खालचा गिअर टाका."

"हवा सोडली तर आमचा रुबाब काय राहील?" पुढचा टायर फणकारला.

सांडणी चालू लागली. दुपारपर्यंत जीप पोटापर्यंत रुतली, इंजिनातलं पाणी उकळू लागलं. घाबरलेल्या टायरांनी गुपचूप हवा सोडली, जीपने खालचा गिअर टाकला आणि सावकाश चढ पार केला.

वर विसाव्याला बसलेली सांडणी भेटताच पुढचा टायर म्हणाला, "बघितलंस आमचं बळ?"

"बघितलं की!" सांडणी म्हणाली. "पण इतक्यात फुगू नकोस. पुढे अजून टेकड्या आहेत."