चाकांवरच्या महालातला पाऊस

शपथेवर सांगतो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. ऐन पौषात, आभाळात कापसाएवढाही ढग नसताना, सांबरगडच्या महाराजांच्या मिशीवर पाऊस पडला! माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे मी तेव्हा जन्मलो नव्हतो, आणि सांबरगड कुठल्या नकाशातही सापडत नाही. पण मिशी ओली झाली होती, यात शंका नको.

महाराज दौऱ्यावर निघाले होते ते चाकांवरच्या महालातून. आठ बैलांनी ओढायचं लाकडी घर. आत गादी, लोड, शेगडी, आणि भिंतींना चक्क सहा काचेच्या खिडक्या! घाटमाथ्यावर मुक्काम पडला. थंडी अशी, की बैलांच्या शिंगांना कानटोप्या घालाव्या लागल्या. सकाळी महाराजांच्या नाकावर टपकन थेंब पडला. डोळे उघडून बघतात तो काचांवरून ओघळ, उशी चिंब, आणि झुपकेदार मिशी दोन्हीकडून लोंबलेली. कोपऱ्यात दिवाणजी छत्री उघडून बसलेले.

"बोलवा त्या केरबा सुताराला!"

महाल केरबानेच बांधला होता. तो धावत आला. मागोमाग त्याची लेक चांगुणा आली. ती दौऱ्यात गाडीवानांच्या भाकऱ्या थापायची; हाताला पीठ तसंच होतं.

"केरबा, तुझं छप्पर गळतंय!"

"सरकार, दिवाळीपासून पाऊस न्हाई. गळंल काय?"

"मग माझ्या मिशीतून काय गंगा निघाली? ऐक! परवा सकाळी काचा कोरड्या हव्यात. खिडकी उघडायची नाही, मला वाऱ्याने पडसं होतं. काच पुसायची नाही. आणि मला बाहेर झोपा म्हणायचं नाही! जमलं नाही, तर तुझी हत्यारं जप्त. पुन्हा रंध्याला हात लावायचा नाही."

केरबाचा चेहरा उतरला. ती हत्यारं त्याच्या बापाच्या हातची. लाकूड तासायच्या वाकसाचा दांडा दोन पिढ्यांच्या मुठींनी गुळगुळीत झालेला.

चांगुणा मात्र दारातून आत डोकावत होती. शेगडीवर महाराजांचा काढा रटरटत होता. दोरीवर ओले पंचे. गादीवर दोन शिकारी कुत्रे जिभा काढून धापा टाकत होते. खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या.

"बा, चल," ती म्हणाली. "छपराला काय झालं न्हाई. आतल्या माणसाला झालंय."

"हळू बोल गं! हत्यारांसंगं जीभ बी जप्त हुईल!"

दुपारी महाराजांपुढे पितळी डबा आला. चांगुणाने तव्यावरची भाकरी तशीच आत घालून वर घट्ट झाकण दाबलं होतं. महाराजांनी झाकण उघडलं. झाकणाला लागलेलं पाणी ताटात ठिबकलं, आणि भाकरीचा झाला होता लगदा!

"भाकरीवर पाणी कोणी ओतलं?"

"कुणी बी न्हाई, सरकार. गरमागरम भाकरी, घट्ट डबा."

"अगं, सुताराची पोर ना तू? एवढंही कळत नाही? गरम भाकरी दुरडीत ठेवायची! वाफ निघून जायला नको?"

"दिवाणजी, लिवून घ्या!" चांगुणाने हात जोडले. "सरकारांनी निवाडा दिला!"

"कसला निवाडा?"

"भाकरीला दुरडी, मग सरकारांना डबा का?"

दिवाणजींच्या हातून छत्री पडली. महाराज लाल झाले. "म्हणजे मी भाकरी?"

"न्हाई सरकार, भाकरी एवढी घोरत न्हाई." तिने थंडगार पितळी थाळी पुढे धरली. "जरा हिच्यावर 'हाऽऽ' करा."

महाराजांनी 'हाऽऽ' केलं. थाळी धुरकटली. बोटाने पुसलं, तर बोट ओलं!

"हे माझं?"

"सरकारांचं, कुत्र्यांचं, काढ्याचं, पंच्यांचं. समद्यांची वाफ बाहेर जायला वाट न्हाई. मग गार काच दिसली, की तिथंच बसती."

"पण खिडकी उघडू देणार नाही!"

"खिडकीला कोण हात लावतंय? सरकारांनी खिडकीला मनाई केली. छपराला कुठं केली?"

महाराजांनी मिशीला पीळ दिला. तोवर केरबा छपरावर चढलासुद्धा! गादीपासून लांब, पार वर त्याने चौकोन कापला, दुरडीसारखी जाळी विणून बसवली आणि त्यावर छोटीशी टोपी ठोकली. दाराच्या तळाशी बोटभर भोकांची ओळ पाडली. खालून कोरडी हवा आत, वरून वाफ बाहेर; महाराजांच्या अंगाला वारा नाही. शेगडी, काढा, पंचे बाहेर गाडीवानांच्या चुलीपाशी गेले. कुत्रे दिवाणजींच्या राहुटीत गेले. त्यावर दिवाणजींचं काय म्हणणं होतं, ते कोणी विचारलं नाही.

ठरलेल्या सकाळी केरबा हत्यारांची पेटी पोटाशी धरून दारात उभा राहिला. महाराज एकेका काचेशी वाकून, बारीक डोळे करून बघत निघाले. पहिली कोरडी. दुसरी कोरडी. पाचवीपर्यंत सगळ्या कोरड्या! सहावीपाशी ते आनंदाने ओरडले, "हरलीस, पोरी! हे बघ पाणी!"

केरबाने डोळे मिटले. चांगुणा पुढे झाली, काच न्याहाळली आणि पदर तोंडाला लावला.

"सरकार, हे रातचं न्हाई. आत्ताचं हाय."

"कशावरून?"

"शेजारी नाकाचा ठसा हाय. आन् खाली मिशीचा!"

महाराजांनी बघितलं. नाक होतं. मिशी होती. दोन्ही अगदी हुबेहूब! मग ते जे हसत सुटले, की सहाच्या सहा काचा पुन्हा धुरकटल्या.

"केरबा, पेटी घरी ने! राज्यातल्या सगळ्या गाड्या आता तूच बांधायच्या. आणि तुला काय हवं, पोरी?"

"आमच्या चुलीपाशी एक काचेची खिडकी, सरकार. पर उघडणारी!"

ती खिडकी मिळाली, आणि महाराजांनी पाठवलेली नवी दुरडी तिच्याखाली टांगली गेली.

आता शपथ घेतलीच आहे, तर कबूल करतो. दिवाणजींची छत्री मी घुसडली. ते बिचारे नुसतेच भिजत बसले होते.