डोंगरातले शंभर राखणदार

ऐका. पुष्कळ पिढ्यांपूर्वी डोंगरातल्या एका राज्यात मैलोन् मैल जंगल होतं. उन्हाळ्यात तिथे वणवे लागत. म्हणून राजाने जंगलात शंभर राखणदार नेमले. ज्याला धूर दिसेल त्याने शिंग फुंकायचं. ते ऐकून शेजारच्याने आपलं फुंकायचं. अशी खबर राजवाड्यापर्यंत पोचायची.

जंगलात धड वाटा नव्हत्या. सेनापतीने माणसांना सांगितलं, "उंच झाड दिसेल तिथे मचाण बांधा." कोण कुठे बसलं, हे कुणी पाहिलं नाही.

"शंभर माणसं आहेत, महाराज," सेनापती म्हणाला. "काडी पेटली तरी कळेल."

चैत्रात एक पाडा जळून गेला. माणसं कशीबशी वाचली, पण घरं आणि गुरं गेली. शिंग मात्र वाजलंच नव्हतं.

राजा संतापला. "कोण झोपलं होतं?"

पाड्यातली एक म्हातारी दरबारात आली होती. पोळलेल्या हाताला तिने पाला बांधला होता. ती म्हणाली, "झोपलं कुणीच नसेल, महाराज. आमच्याकडे बघणारंच कुणी नव्हतं."

"मग आणखी शंभर पाठवतो."

"तेही वाट्टेल तिथेच बसतील. त्यापेक्षा आहेत त्यांना विचारा, कुठल्या बाजूने शेजाऱ्याचं शिंग ऐकू येत नाही?"

राजाला ते पटलं. सेनापती स्वतः मचाणामागून मचाण फिरला. ओढ्याकाठी तर सहा जण इतके जवळ बसले होते, की एकाचं खोकणं दुसऱ्याला ऐकू जाई. पुढे खिंडीजवळ एक एकटा राखणदार भेटला.

"मावळतीकडून मला कधीच उत्तर येत नाही," तो म्हणाला.

जळालेला पाडा मावळतीलाच होता.

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

राखणदाराने मान खाली घातली. "वाटलं, तिकडे कुणीतरी असेलच. शंभर जण आहेत ना!"

सेनापतीला त्याच्यावर रागावता येईना. त्यालाही तसंच वाटलं होतं.

ओढ्याकाठी दोघांना ठेवून त्याने चौघांना हलवलं. त्यांतला एक मावळतीला गेला, बाकीचे अशाच दुसऱ्या मोकळ्या जागांवर. दर सकाळी प्रत्येकाने शिंग फुंकायचं आणि एखाद्या बाजूने उत्तर आलं नाही तर लगेच कळवायचं, असा नेम ठरला. पाडाही राजाने पुन्हा उभा करून दिला.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच बाजूला धूर उठला. क्षणात शिंग वाजलं, मग दुसरं, मग तिसरं. हिरव्या फांद्या घेऊन माणसं धावली. थोडं गवत जळलं, तेवढंच. सेनापती काजळल्या तोंडाने पाड्यात आला आणि म्हातारीच्या पाया पडला.

"ऊठ बाबा," ती म्हणाली, "आधी पाणी पी."

तात्पर्य : राखणदार किती आहेत यावर राखण ठरत नाही, कुठली जागा उघडी राहिली आहे हे शोधावं लागतं.