शांतवनने पाय पुढे केला

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात शांतवन नावाचा एक फार नम्र माणूस राहत होता. तो नम्र आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक होतं, आणि पंचाईत तीच होती.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी गावच्या चर्चमध्ये एकमेकांचे पाय धुवायची रीत होती. शांतवन दरवर्षी सगळ्यांचे पाय धुवायचा, स्वतःचे मात्र कधीच धुवू द्यायचा नाही. "छे छे, मी कोण?" म्हणत हात जोडायचा. लोक म्हणायचे, "माणूस असावा तर असा!" ते ऐकून मान खाली घालायलाही तो विसरायचा नाही. गावातल्या भांडखोर आशेरचे पाय तर तो जरा जास्तच मनापासून धुवायचा.

एका वर्षी गुरुवार जवळ आला आणि त्याच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला. पाय सुजला, जखमेत पू झाला.

शेजारणीने विचारलं, "शांतवनभाऊ, लंगडता का हो?"

"काही नाही, बूट चावतोय."

लोकांना मदत करणारे आपण, आता आपणच कुणापुढे पाय कसा करायचा? त्याने जाड मोजा चढवला आणि कळ सोसत राहिला.

गुरुवारी तो परात घेऊन आशेरसमोर गुडघ्यांवर बसला. पाय धुऊन झाले, पण त्याला उठताच येईना. कपाळावर घाम आला.

आशेरने ते पाहिलं. "बसा इथं. आज मी धुतो तुमचे."

"छे छे, मी कोण?"

"दरवर्षी हेच!" आशेरचा आवाज चढला. "माझ्या टाचा फुटलेल्या, नखांत माती. तुमच्या हातात पाय देताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तरी देतो ना मी? तुम्हाला एकदाही देववत नाही?"

चर्चचे धर्मगुरू पाळकसाहेब हळूच म्हणाले, "शांतवन, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. पण एका बाईने प्रभूचे पाय आसवांनी धुतले, तेव्हा त्याने ते मागे घेतले नाहीत."

शांतवनला फार लाज वाटली. तरी तो बाकावर बसला आणि त्याने मोजा काढला. जखमेचा वास सुटला. आशेरने नाक मुरडलं नाही. त्याने कोमट पाणी मागवून जखम धुतली, पाय टॉवेलात गुंडाळला आणि शांतवनला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं.

काटा निघाला. डॉक्टर म्हणाले, "आणखी उशीर केला असता तर पाय कापावा लागला असता. आता काळजी नाही."

शांतवन ढसाढसा रडला. पाय वाचला म्हणून रडला, आणि आता कुणापासून काही लपवायचं उरलं नाही म्हणूनही. त्याला किती मोकळं वाटलं!

डोळे पुसून तो म्हणाला, "आशेर, तहान लागलीय रे. पाणी देतोस?"

त्याने कुणाकडे काही मागायची ती पहिलीच वेळ होती. आशेर हसत हसत माठाकडे गेला.

तात्पर्य: सेवा करताना वाकणारे पुष्कळ असतात, पण जो आपलं दुखणं उघडं करून दुसऱ्याला सेवा करू देतो, तो खरा नम्र.