राजासाठी सुरक्षित जागा

एका गावात दिगू नावाचा एक भोळा संगणकवाला राहायचा. त्याने बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम बनवला होता. प्रोग्राम प्रत्येक चालीला गुण द्यायचा आणि जास्त गुणांची चाल खेळायचा. गुण कशाला द्यायचे, हे दिगू ठरवायचा. अडचण तिथेच होती.

रविवारी शेजारगावच्या प्रोग्रामशी सामना होता. सरपंचबाईंनी सांगून टाकलं होतं, "जिंकलात तर पंचायतीची खोली बुद्धिबळवाल्यांची. हरलात तर कॅरमवाल्यांची." कासमचाचांची झोप उडाली. गावात बुद्धिबळ शिकवणारे ते एकटेच.

चाचा म्हणाले, "दिगू, राजाला मधे ठेवू नकोस. किल्लेकोट कर. म्हणजे हत्तीच्या आड, कोपऱ्यात ने."

"बरं चाचा," म्हणाला दिगू. किल्लेकोटाला भरपूर गुण दिले.

सरावाला चाचा स्वतः बसले. त्यांचा वजीर, उंट, घोडा, सगळे एकाच कोपऱ्यावर डोळा ठेवून होते. प्रोग्रामने त्याच कोपऱ्यात किल्लेकोट केला. मात.

"अरे, दरोडेखोरांच्या दारात घर बांधलंस! शत्रू असेल तिकडे जायचं नाही."

"बरं चाचा," म्हणाला दिगू.

पुढच्या डावात चाचांचा एक घोडा उजवीकडे, एक उंट डावीकडे. दोन्हीकडे शत्रू! राजा मधेच उभा राहिला आणि मधेच मेला.

"एकट्या घोड्याला काय घाबरतोस? मारणारे किती, राखणारे किती, ते बघ. राखणारे वाढव."

"बरं चाचा."

आता प्रोग्रामने सगळं सैन्य राजाभोवती कोंबलं. चाचांच्या घोड्याने शह दिला. राजाला हलायला घरच नाही. मात.

"गुदमरून मारलास की रे! राजाला हवा लागते, हवा!"

"आधी सांगायचं ना चाचा," म्हणाला दिगू. राजाभोवतीच्या रिकाम्या घरांना भरपूर गुण दिले.

रविवार उजाडला. सामना पंचायतीच्या खोलीतच होता. प्रोग्राम चाल सांगायचा, दिगू ती पटावर खेळायचा. प्रोग्रामने राजासमोरची प्यादी पुढे पिटाळली. घोडा मरायला पाठवला. वजीर राजाला खेटून उभा होता, तोही देऊन टाकला. राजाभोवती सगळं रान मोकळं. पडद्यावर गुणच गुण.

"जिंकतोय चाचा!"

शत्रूचा वजीर समोर येऊन ठेपला होता. चाचा दिगूच्या कानात ओरडले, "काहीही कर, पण राजाला वाचव! खोली जाईल!"

दिगूने विचार केला. कोपरा हवा. शत्रू नको. राखणारे हवेत. हवा हवी.

त्याने पटावरचा राजा उचलला आणि खोलीच्या कोपऱ्यातल्या खिडकीत नेऊन ठेवला. खाली स्टूल टाकून चाचांना राखणीला बसवलं.

पंचांनी हार जाहीर केली. कॅरमवाले पावडरचा डबा घेऊन आत आले. चाचांनी कपाळाला हात लावला.

दिगू त्यांच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "रडताय कशाला चाचा? राजाच्या केसालाही धक्का लागलेला नाही."