मिठाची जागा

विषय : पानातील मिठाची जागा निश्चित करणेबाबत.
संदर्भ : उत्सवाचा स्वयंपाक सोपविला जाणेबाबत एका शिष्याचा अर्ज.

उपरोक्त विषयी हकिगत अशी.

एकदा एक वृद्ध गुरू होते आणि त्यांचा बावीस वर्षांचा एक शिष्य होता. शिष्याच्या हाताला चव होती आणि उत्सवाचा स्वयंपाक आपल्याकडे यावा, एवढाच त्याला ध्यास होता. दोष एकच. घास तोंडात जाण्यापूर्वीच तो त्यावर मीठ भुरभुरवी. लोणचे, पापड आणि शेव या त्याच्या मते भाज्या होत्या. खऱ्या भाज्या तो आजाऱ्यांसाठी राखून ठेवी. त्याच्या रक्तदाबाचा आकडा पाहून डॉक्टर म्हणाले होते, "हा आजोबांचा कागद. तुझा कुठे आहे?" हे तो विनोद म्हणून सांगत असे.

अर्ज वाचून गुरू पंगतीला बसले आणि म्हणाले, "आज माझे पान तू वाढ."

रीतीप्रमाणे शिष्याने पानाच्या वरच्या कडेला, मधोमध, चिमूटभर मीठ वाढले.

"हे माझे झाले. आता याच पानात तुझे वाढ. आठवड्याचे."

शिष्याने चमचाभर घातले.

"लोणच्यातले? पापडातले? वेफर्सच्या पुड्यांतले?"

"गुरुजी, तेही धरायचं?"

"शरीर धरते रे. वाढ तू."

पंगत हसू लागली. ढीग पानाच्या मध्यावर उतरला, मग दोन्ही बाजूंना पसरला. वाढपी पालकाची भाजी घेऊन आला.

"जागा नाही. पुढे जा," गुरू म्हणाले.

कोशिंबीर आली, केळे आले, चवळीची उसळ आली. जागा नाही.

शिष्य कळवळला. "गुरुजी, उसळ तरी घ्या! पहाटे उठून केलीय, या अर्जासाठीच."

"कुठे घेऊ, दाखव."

शिष्याने पानभर बोट फिरवले. सगळीकडे मीठच.

गुरू म्हणाले, "बाळा, मीठ हवेच, म्हणून तर पानात त्याला पहिला मान. पण मान चिमटीचा असतो. पालक, चवळी, केळे यांत पोटॅशियम असते. जास्तीचे मीठ शरीराबाहेर पोचवायला ते मदत करते. तू पाहुण्याला रोज घरात घेतोस आणि त्याला निरोप देणाऱ्याला दारातूनच परत पाठवतोस. ही उसळ तू स्वतः कधी खाल्लीस?"

शिष्याने उभ्या आयुष्यात चवळी खाल्ली नव्हती. त्याने एक घास घेतला. सवयीने हात मिठाकडे गेला आणि वाटेतच थांबला.

"अरेच्चा! बरी झालीय की!"

सगळ्यांत मोठ्याने गुरूच हसले. पान बदलले, नवी चिमूट पडली आणि शिष्याने गुरूंच्या शेजारी बसून दोनदा उसळ मागून घेतली.

अर्जावर गुरूंचा शेरा आहे : 'आधी चाखावे, मग मीठ मागावे. पंधरा दिवस पाहून निर्णय.' आज नववा दिवस. अर्जदार रोज केळे खातो. लोणच्याच्या बरणीकडे पाहतो. पाहण्यास मनाई नाही.

अर्ज प्रलंबित आहे.