तीनदा परत आलेलं पान

पान तिसऱ्यांदा परत आलं! जैतपाळ महाराज ते भर दरबारात फडफडवत ओरडले, “शास्त्रीबुवा, लग्न मोडायची पाळी आली! लिहिता तरी काय तुम्ही?”

युवराजांसाठी सोनवळच्या राजाची मुलगी पाहिली होती. मुलीच्या बापानं एवढंच विचारलं होतं : ‘माझी लेक तुमच्याकडे नांदायला येणार. तुमचं घर कसं आहे, ते एका पानात लिहून कळवा.’ दिगंबरशास्त्र्यांनी ‘घर’ एवढंच ऐकलं आणि पाठशाळेतली सगळी पोरं कामाला जुंपली. पहिल्या पानात वाड्याचे खांब. दुसऱ्यात पूर्वजांच्या लढाया. तिसऱ्यात हत्ती! बुवांचं शिकवणंच तसं. विषय कानावर पडला की बोरू शाईत बुडालाच पाहिजे. जो आधी पान भरील तो हुशार! बुवा स्वतः असेच शिकले होते, आणि आपण जे सोसलं ते दुसऱ्यालाही सोसायला लावायचं, यालाच ते विद्या म्हणत.

तिसरं पान घेऊन मुलीचे मामा स्वतः आले होते. म्हणाले, “आज उत्तर मिळालं नाही, तर आम्ही दुसरं स्थळ बघू.”

“मिळेल!” महाराज हट्टाला पेटले. “आजच मिळेल, आणि एकाच पानात! पण ऐका, माझ्या घरातली एकही गोष्ट त्यातून सुटता कामा नये!”

“महाराज,” बुवा रडवेले झाले, “नुसत्या हत्तींनाच पान पुरलं नव्हतं हो!”

दारात कुणीतरी फिस्सकन हसलं. राणीसाहेबांसाठी बांगड्यांची टोपली घेऊन कासाराची गोजरा उभी होती.

“ही?” बुवा कडाडले. “हिला मी पाठशाळेतून हाकललंय, महाराज! लिही म्हटलं की लिहीत नाही. कुणासाठी लिहायचं, कशाला लिहायचं, नुसते प्रश्न!”

“हसतेस? मग आता तूच लिहून दाखव,” महाराज गोजराला म्हणाले. “आणि हेही पान नापसंत झालं, तर तुझ्या बापानं दुकान उचलून राज्याबाहेर जायचं!”

गोजरानं टोपली खाली ठेवली. बापानं काही केलं नव्हतं, बिचारा दुकानात गिऱ्हाईक बघत बसला होता. पण बुवांसमोर माघार? त्यापेक्षा टोपलीतल्या बांगड्या चावून खाल्ल्या असत्या तिनं.

“लिहिते,” ती म्हणाली. बुवांनी बोरू पुढे केला. तिनं तो खाली ठेवला. “आधी मला विचारायचंय.”

“बघा! पुन्हा तेच!”

“बुवा, माझा बाप हात दाबून बघितल्याशिवाय बांगडी भरत नाही. तुम्ही हात न बघताच चढवता, आणि फुटली की हाताला शिव्या देता! मामासाहेब, आमचं पान तुमच्याकडे वाचतं कोण?”

“मेहुणे वाचतात, मोठ्यानं. आणि दाराआडून माझी बहीण ऐकते, भाची ऐकते.”

“हत्तींचं पान ऐकून भाची काय म्हणाली?”

मामा ओशाळले. “म्हणाली, मला हत्तींबरोबर राहायचंय का?”

दरबारात खसखस पिकली. गोजरा महाराजांकडे वळली. “महाराज, सून माहेरी जाते म्हणाली, तर?”

“जाऊ दे की! घोडा देऊ.”

“कशाला जातेस, असं विचाराल?”

“विचारणारच!” महाराज म्हणाले. मामांच्या भुवया चढल्या. महाराज खाकरले. “बरं, नाही विचारणार.”

“नक्की? पानात येणार आहे हे.”

“नक्की म्हटलं ना! वकील आहेस की काय?”

मग ती आत राणीसाहेबांकडे गेली, तिथून स्वयंपाकघरात, तिथून युवराजांकडे. बुवा दरबारात बसून सांगत राहिले, “एव्हाना माझ्या पोरांनी पान भरून वाळवलं असतं!” ती परत आली, बसली, आणि बघता बघता लिहून मोकळी झाली. अर्धं पान कोरंच राहिलं.

मामा मोठ्यानं वाचू लागले :

‘घर मोठं आहे, पण भूक लागली तर सुनेनं आधी जेवावं, तिला कुणी टोकणार नाही. सासूबाई मायाळू आहेत, पण भाजीत मीठ त्यांच्याच हातानं पडतं, त्यात लुडबूड करू नये. नवरा लाजाळू आहे. सुरुवातीला तुमच्या लेकीलाच बोलावं लागेल. सासरे हट्टी आहेत…’

मामा थांबले.

“वाचा!” महाराज गुरगुरले.

‘…सासरे हट्टी आहेत. ओरडतात फार. पण समोरचा घाबरला नाही, तर ऐकतात. माहेरी जायला घोडा मिळेल, आणि कशाला जातेस, असं कुणी विचारणार नाही.’

“महाराज!” बुवा उसळले. “अट मोडली! खांब सुटले, लढाया सुटल्या, हत्ती सुटले!”

“बुवा, ती पोर रुसली तर खांब तिची समजूत काढणार आहेत का?” गोजरा म्हणाली. “सोनवळच्या राजानं प्रश्न राजा म्हणून नाही, मुलीचा बाप म्हणून विचारलाय. त्याच्या लेकीला जे घर रोज भेटणार, त्यातलं काय सुटलंय ते दाखवा!”

बुवा मामांच्या खांद्यावरून वाकून पान धुंडाळू लागले.

मामांनी पानाची घडी करून ती छातीशी ठेवली. “महाराज, तीन पानांत सासरे नुसते हत्तींचे मालक होते. आज पहिल्यांदा माणूस झाले! हे पान काही परत येत नाही. मुहूर्त काढा!”

महाराजांनी गोजराकडे डोळे वटारून पाहिलं. ती घाबरली नाही. मग त्यांच्या मिशा हलल्या, पोट हललं, आणि ते खदखदून हसले. “हट्टी काय! बरोबर लिहिलंस, पोरी! बापाला सांग, युवराजांच्या लग्नातल्या सगळ्या बांगड्या त्याच्याच दुकानातल्या. आणि तुला काय हवं?”

“पाठशाळेतली माझी जागा. आणि मी विचारीन त्याला बुवांनी उत्तर द्यायचं.”

“दिलं!”

बुवांचा चेहरा पडला. ते घाईघाईनं म्हणाले, “पण रोज किती प्रश्न विचारणार ही? कशाबद्दल? आणि कुणासमोर?”

“बघा, महाराज!” गोजरानं टाळी वाजवली. “बुवासुद्धा आधी विचारायला लागले!”

महाराज पुन्हा असे हसले की मुकुट सावरायला सेवकाला धावावं लागलं. हसता हसताच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि गोजराच्या टोपलीत टाकलं.