उजव्या धारेची कुऱ्हाड

लई वर्सं झाली. इतकी, की तवा जी झाडं उभी व्हती त्येंची आता चुलीत राखबी उरली न्हाई. बारक्यांनो, ऐका. आन् म्हाताऱ्यांनो, तुम्हीबी कान द्या, कारन ही गोष्ट बारक्यांपेक्षा तुमच्याच कामाची जास्त हाय.

येका गावात येक सुतार व्हता. हात सोन्याचा, पन तोंड म्हंजे नुसता इस्तू. करवत नीट चालली न्हाई तर करवतीला शिव्या, पाऊस आला तर पावसाला शिव्या. राग आला की तो आधी बोलायचा, आन् काय बोललो ते मागनं गावाकडनं ऐकायचा.

त्येला दोन पोरं. दोघंबी कर्ती, मिशीवाली. थोरल्याचं लगीन झालेलं. दोघांना हत्यारांचं लई याड. जत्रंत लोक जिलेबीकडं पळायचे, ही दोघं लव्हाराच्या पालाकडं पळायची. नवी पटाशी दिसली की नखावर धार बघायची, मूठ हातात घोळवायची, परत ठेवताना जीव तुटायचा.

त्या गावात येशूचं देऊळ व्हतं, आन् नाताळाची येक रीत व्हती. कारागिरानं आपल्या कर्त्या पोराला नाताळाला नवं हत्यार द्यायचं. पन घरात न्हाई द्यायचं. देवळाम्होरं लिंबाचा मोठा ओंडका आनून टाकायचे. समद्या गावादेखत बाप पोराच्या हातात हत्यार ठेवनार, आन् पोरगा त्या ओंडक्यावर पैला घाव घालनार. नाताळ सरला की तो ओंडका ज्येच्या घराला तुळई न्हाई त्येला जायचा. त्येच्यामुळं कुनाचा घाव वाया गेला असं व्हायचं न्हाई. पन घाव कसा बसला ते गाव वर्सभर बोलायचं.

त्या वर्सी सुतार बायकोला म्हनला, "औंदा मी मेट पोरांच्या हवाली करनार."

मेट म्हंजे सुताराची काम करायची जागा. तीच त्येंची जमीन, तेच त्येंचं पोट.

"दोघांना निम्मं निम्मं?" बायकोनं इचारलं.

"थोरल्याचा मला घोर न्हाई. धाकट्याचा घाव गावाम्होरं नीट बसला तर त्येला निम्मं. न्हाई तर त्येनं जल्मभर थोरल्याच्या हाताखाली फळ्या धरायच्या. ढिला हाय तो."

धाकटा ढिला न्हवता. तो डावरा व्हता.

जल्मापासनं डावरा. सात वर्साचा असताना त्येनं पैल्यांदा डाव्या हातात हातोडी घेतली, तवा बाप वरडला, "त्या हातानं काय धुत्यात ठावं हाय ना? त्या हातानं माझ्या लाकडाला शिवायचं न्हाई!" आन् येक अख्खा उन्हाळा पोराचा डावा हात सुतळीनं कमरंला बांधून ठिवला. पोर जेवायचं उजव्यानं, पडायचं उजव्यावर, रडून डोळे पुसायचं उजव्यानं. उन्हाळा सरला तवा सुतार गावभर सांगत सुटला, "घरातलं डावरेपन म्या मोडून काढलं."

मोडलं बिडलं काय न्हवतं. बाप म्होरं असला की पोरगा उजव्यानं काम करायचा, आन् ते वाकडं व्हायचं. बाप बाजाराला गेला की डाव्यानं करायचा.

नाताळ म्हयन्यावर आला. सुताराची बायको म्हनली, "अवं, हत्यार घ्यायच्या आधी पोरांना इचारा की, काय पायजे ते."

"इचारू? बाप हाय मी, दुकानदार न्हाई."

"थोरल्याला रंधा पायजे. त्येनं धा येळा सांगितलंय. धाकटा काय मागत न्हाई. जो मागत न्हाई त्येलाच इचारावं लागतं."

"तू भाकरी थाप. हत्यारातलं मला शिकवू नगं."

आन् तो लव्हाराकडं गेला. थोरल्यासाठी रंध्याचं पातं सांगितलं. मंग छाती काढून म्हनला, "आन् धाकट्यासाठी तासायची कुऱ्हाड. अशी बनव की गाव बघत ऱ्हायला पायजे."

लव्हारानं भाता थांबवला. "पोराचा हात कंचा?"

"म्हंजे?"

"तासायच्या कुऱ्हाडीला येकाच अंगानं धार असती, दादा. दुसरं अंग सपाट, ते लाकडाला टेकतं. उजव्या हाताची येगळी, डाव्या हाताची बरोबर उलटी. उजव्याची कुऱ्हाड डाव्यानं चालवली तर ती लाकूड धरत न्हाई, निसटती. तुला काय सांगायचं, तूच सुतार."

"ठावं हाय ना मी सुतार हाय? मंग इचारतो कशाला? माझ्या घरात डावरं कोन न्हाई!"

"न्हाई, धाकट्याला म्या येकदा गवत कापताना बघितला..."

"डोळे धुवून बघत जा. ऐरनीवर ठोक. माझ्या घरात ठोकू नगं!"

लव्हार हसला. "ठोकतो बाबा, उजवीच ठोकतो. लोखंड माझं ऐकतं, मानूस ऐकत न्हाई."

नाताळ उजाडला. देवळात गानी झाली, पाळकबाबांनी प्रार्थना केली, बायकांनी करंज्यांच्या पाट्या आनून ठेवल्या, आन् समदं गाव ओंडक्याभवती गोळा झालं.

आधी थोरल्याची पाळी. बापानं रंधा त्येच्या हातात ठिवला. थोरल्यानं सालपटलेल्या जागी येकदा फिरवला, आन् असा लांबलचक पापुद्रा निघाला की येका पोरीनं तो वेनीत माळला. लोकांनी टाळ्या वाजिवल्या.

मंग सुतारानं कुऱ्हाड वर धरली. उन्हात पातं लखाखलं. "ही माझ्या धाकट्याची! अशी पंचक्रोशीत न्हाई!"

धाकट्यानं कुऱ्हाड घेतली. त्येचं तोंड असं फुललं, की आईच्या डोळ्यात पानी आलं. कुऱ्हाड व्हतीच तशी. मंग त्येनं पातं उलटून धार कुठल्या अंगाला हाय ते बघितलं. तोंडावरचं हसू जागीच विझलं.

ते बापानं बघितलं. कशामुळं विझलं तेबी त्येला कळलं. पन तो गप ऱ्हायला.

धाकट्यानं कुऱ्हाड उजव्या हातात धरली. पैला घाव तिरका गेला. दुसरा लागलाच न्हाई. मागनं कुनी तरी बोललं, "अरं, लाकूड तासतोय का माश्या हाकतोय?" दुसरा म्हनला, "सुताराचाच हाय ना ह्यो, का कुंभारानं सोडलाय?" बाया पदर तोंडाला लावून हसाया लागल्या.

सुताराचं डोकं भनकलं. "मार की रं ढिल्या! इज्जत घालवतोस व्हय माझी? दात काढायला बोलावलंय का गावाला?"

पोराचं काय झालं कुनास ठाऊक. त्येनं दात आवळले, कुऱ्हाड डाव्या हातात घेतली आन् जीव खाऊन घाव घातला. कुऱ्हाडीनं लाकूड धरलं न्हाई. ती निसटली आन् त्येच्या नडगीत घुसली.

रगताची धार लागली. आई पदर फाडत धावली. आन् बाप काय म्हनला? पोराला हात द्यायचा सोडून तो वरडला, "लावलास ना डावा? देवानं जागच्या जागी शिक्षा केली!"

पाळकबाबा फुडं आले. म्हातारं मानूस, हळू बोलायचं. "सुतारा, राग तुझा हाय. त्येला देवाचं नाव लावू नगंस."

तवा थोरल्यानं आपला नवा रंधा ओंडक्यावर ठिवला आन् बापाला इचारलं, "आबा, देवळाचं ह्ये दार कुनी केलं?"

दारावर द्राक्षाची येल कोरलेली व्हती. लांबलांबनं लोक ती बघाया यायचे.

"तू केलंस. आता त्येचं काय?"

"मी केलं असं मी कवा म्हनलो? तुम्ही म्हनलात. मी गप बसलो, ती माझी लाज. दार धाकट्यानं केलं. तुम्ही सात येळा बाजाराला गेलात, त्या सात दिवसांत. डाव्या हातानं."

सुताराला दाराकडं बघायची गरजच न्हवती.

आई पोराच्या खोकल्यावरनं पोर वळखती, तसा सुतार लाकडावरच्या घावावरनं हात वळखतो. ज्या दिवशी दार बसवलं त्या दिवशी त्येनं येलीवरनं अंगठा फिरवला व्हता. घाव डावीकडनं आलेले व्हते. अंगठ्याला तवाच समजलं व्हतं. आन् तरी तो गावाकडं तोंड करून म्हनला व्हता, "ह्ये माझ्या थोरल्याचं काम!"

ठावं नसतं तर गोष्ट येगळी. त्येला ठावं व्हतं. चारचौघांनी पकडल्यावर लाज वाटती ती दोन दिवसांत जाती. ही लाज सोताच सोताला पकडल्याची व्हती. त्येचे कान तापले, नजर पायाच्या बोटांवर गेली.

धाकटा लंगडत आला. कुऱ्हाड पुसून बापाच्या पायाशी ठिवली. "आबा, कुऱ्हाड झ्याक हाय. लव्हारानं जीव ओतलाय. पन ही तुमच्या मनातल्या पोराची हाय. तो कवा आला तर त्येला द्या."

जखम भरली. पोरानं हत्यारांची पेटी उचलली आन् नदीपल्याडच्या गावात गाड्या बनवनाऱ्या येका सुताराकडं कामाला गेला. आई येशीपतूर रडत गेली. बाप मेटात बसून ऱ्हायला. उठलाच न्हाई. पोराला काय तोंड दावायचं?

त्या दिवसापासनं सुतार देवळात मागच्या आळीनं, येलीचं दार चुकवून जायाला लागला. बायको इचारायची, "अवं, सरळ वाट हाय की!" तो म्हनायचा, "तिकडं चिखल हाय." उन्हाळ्यात कसला आलाय चिखल.

शेवटी येक दिवस तो लव्हाराकडं गेला. नेमके चार शेतकरी फाळ पाजवाया बसलेले. मागं फिरावं असं त्येला वाटलं. फिरला न्हाई.

"कुऱ्हाड पायजे," तो म्हनला. "उलट्या धारेची."

लव्हाराला समदं ठावं व्हतं. तरी त्येनं इचारलं, "कुनासाठी?"

राग सुताराच्या गळ्यापतूर आला. त्येनं तो गिळला. कडू औशिद गिळावं तसा.

"माझ्या डावऱ्या पोरासाठी."

येक शेतकरी फिस्सकन हसला. सुतारानं त्येच्याकडं बघितलंबी न्हाई. "तो ढिला न्हवता. म्याच त्येचा हात बांधला व्हता, सुतळीनं. सात वर्साचं लेकरू व्हतं."

हसनाऱ्यानं मान खाली घातली. लव्हार म्हनला, "परवा ये, दादा. चांगली करतो."

कुऱ्हाड घेऊन सुतार नदी उतरून गेला. धाकटा रस्त्याकडं तोंड करून, उघड्यावर, डाव्या हातानं गाडीचं जू तासत व्हता. येकसारख्या ढलप्या पडत व्हत्या. सुतार येका गाडीच्या आडोशाला थांबला. सोताच्या पोराला मोकळ्या हातानं काम करताना तो पैल्यांदा बघत व्हता.

तिथल्या मालकानं बघितलं. "कोन पायजे, बाबा?"

"तो... तो माझा पोरगा हाय."

"तुमचा? लई भाग्याचे हो तुम्ही! असा हात म्या कुठं बघितला न्हाई. कुनी शिकवलं त्येला?"

"कुनी न्हाई," सुतार म्हनला. "म्या आडवलं."

धाकटा उठून आला. बापाच्या पायाला हात लावला. बापानं कुऱ्हाड म्होरं केली. पोरानं पातं उलटून बघितलं, परत बघितलं, नखावर धार तपासली. मंग जुवाकडं गेला आन् येक घाव घातला. पान निघावं तशी ढलपी निघाली. हसायचं न्हाई म्हनलं तरी त्येला हसू आलं.

"झ्याक हाय, आबा."

"घरी चल," बाप म्हनला. "निम्मं मेट तुझं. समदं पायजे तर समदं घे."

"मेट नगं, आबा. हितं माझ्या हाताकडं कोन बघत न्हाई, कामाकडं बघत्यात. आईला सांगा, नाताळाला येतो. जेवून जाईन."

"आन् ऱ्हायाला?"

पोरानं जू फिरवून दुसरी बाजू वर घेतली आन् कामाला लागला.

तवापासनं दर नाताळाला धाकटा यायचा. आईच्या पाया पडायचा, भावाच्या पोरांना खांद्यावर घ्यायचा, पोटभर जेवायचा, आन् दिवस कलायच्या आत नदीकडं निघायचा. बाप त्येला येशीपतूर घालवाया जायचा. बोलायचं लई असायचं. पन ज्येनं जल्मभर नुसतं वरडून काढलं, त्येला हळू बोलता येत न्हाई. येशीजवळ पोरगा म्हनायचा, "येतो, आबा." बाप म्हनायचा, "हां." आन् पोरगा दिसंनासा व्हईपतूर तिथंच उभा ऱ्हायचा.

म्हनून सांगतो: भेट द्यायची तर मानूस जसा हाय तसा बघून द्यावी, आपल्याला पायजे तसा धरून दिली, तर ती भेट न्हाई, त्येचा अपमान हाय.